लहान पेप्टाइडांचे शोषण

प्रथिनांच्या पचनातून तयार झालेले दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडे लहान आतड्याच्या पेशी अख्खेच आत घेतात आणि त्यांची शेवटची तोडणी पेशीच्या आत होते, या क्रियेला लहान पेप्टाइडांचे शोषण म्हणतात. प्रथिन पूर्ण सुटे झाल्याशिवाय शोषले जात नाही, असा समज बराच काळ होता; तो बरोबर नाही.

मराठवाड्यातले रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण. त्यातली प्रथिने जठरात पेप्सिन आणि पुढे स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन तोडते. उरलेले लांब तुकडे आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावरील विकर आखूड करतात. मग पेप्ट-१ हा वाहक त्यांना आत नेतो. या वाहकाचे जनुक १९९४ मध्ये सशाच्या आतड्यातून वेगळे केले गेले. आतड्याच्या अस्तरालगतचा थर किंचित आम्लधर्मी असतो. तिथला हायड्रोजन आयन पेशीत शिरताना पेप्टाइडलाही सोबत आत घेतो. सुट्या अमिनो आम्लांसाठी वेगवेगळे वाहक लागतात. पेप्ट-१ मात्र एकटाच दोन-तीन आम्लांच्या बहुतेक जोडण्या ओळखतो, आणि या यंत्रणेचे खरे सामर्थ्य यातच आहे. सेफॅलेक्सिनसारखी प्रतिजैविकेही याच वाटेने शोषली जातात.

पेशीत शिरलेले बहुतेक पेप्टाइड तिथल्या पेप्टिडेज विकरांमुळे फुटतात आणि सुटी आम्ले यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात. प्रोलिन हे अमिनो आम्ल शेवटी असलेली जोडी मात्र चिवट असते. ती तोडायला प्रोलिडेज हे खास विकर लागते. ज्वारीच्या काफिरिन या प्रथिनात प्रोलिन आणि ल्युसिन भरपूर असतात. शिवाय ज्वारी शिजवली की तिच्या प्रथिनांची पचनीयता घटते, म्हणून भाकरीसोबत डाळ हवीच. ज्वारीत कमी असलेले लायसिन तुरीतून मिळते.

या वाटेचे महत्त्व हार्टनप विकारात, म्हणजे १९५६ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक दोषात, स्पष्ट दिसते. त्यात सुटे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नीट शोषले जात नाही. शरीर त्यापासून नायसिन हे जीवनसत्त्व बनवते, म्हणून त्वचेवर पेलाग्रासारखे, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या आजारासारखे, चट्टे उठतात. तेच ट्रिप्टोफॅन पेप्टाइडात गुंफलेले असले तर शोषले जाते, त्यामुळे पुरेसे प्रथिन खाणाऱ्या अनेक रुग्णांना फारसा त्रास होत नाही. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांत आढळणारा पेलाग्रा हा निराळा आजार. हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी जोडला. त्यावर पुढे बराच वाद झाला.