रेडिओ सिटी ९१.१ (मुंबई)

मुंबईतलं खाजगी, जाहिरातींवर चालणारं एफएम स्टेशन, मुख्यतः हिंदी फिल्मी गाणी वाजवणारं. परवाना म्युझिक ब्रॉडकास्ट या कंपनीकडे. आधी वारंवारता ९१.० मेगाहर्ट्झ होती, मग ९१.१ झाली. एका शहरातल्या स्टेशनांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवायचा जो आराखडा पुढे आला त्यात ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी ओळ लागते, त्यामुळे जुने आकडे थोडे थोडे सरकले.

"भारतातलं पहिलं खाजगी एफएम" हा मान रेडिओ सिटीला सर्रास दिला जातो, पण तो बंगळुरूच्या स्टेशनचा आहे (३ जुलै २००१), मुंबईच्या नाही, आणि त्यातही भानगड आहे. १९९३ पासून आकाशवाणी आपल्या एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना विकायची, त्यात टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे मुंबईकरांच्या चांगले ओळखीचे होते, आणि १९९८ मध्ये करार पुढे वाढवले नाहीत म्हणून ते सगळं बंद झालं. काही जण खाजगी एफएमची सुरुवात तिथूनच धरतात. पण ट्रान्समीटर सरकारचा, परवाना सरकारचा, खाजगी काय तर फक्त कार्यक्रम आणि जाहिराती, त्यामुळे स्वतःच्या परवान्यावरचं स्टेशन या अर्थाने २००१ च धरणं बरं. आणखी मागे जायचं तर १९२७ ची मुंबईची इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीही खाजगीच होती, फक्त ती एफएम नव्हती आणि तिची मदार मुख्यतः श्रोत्यांच्या लायसन्स फीवर होती. रेडिओवर जाहिराती तर विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर १ नोव्हेंबर १९६७ पासूनच होत्या, म्हणजे ती नवलाई खाजगीवाल्यांची नाहीच.

मुंबई स्टेशन कधी सुरू झालं याबद्दल दोन सालं सापडतात, २००२ आणि २००४. २००२ जास्त पटतं, कारण सरकारने टप्प्याटप्प्याने दिलेल्या परवान्यांपैकी पहिल्या टप्प्यातली मुंबईची बाकी स्टेशनं (मिर्ची ९८.३, गो ९२.५, रेड ९३.५, विन ९४.६) त्याच वर्षी लागली आणि परवाना फी भरत दोन वर्षं गप्प बसणं कुणाला परवडलं असतं असं वाटत नाही.

ही फी म्हणजे त्या काळचं मोठं दुखणं. लिलावात मुंबईच्या एका वारंवारतेचा आकडा वर्षाला ९.७५ कोटी रुपयांवर गेला आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, म्हणजे दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर, धंदा होवो न होवो. बंगळुरूत रेडिओ सिटी २००६ पर्यंत एकटंच होतं, मुंबईत मात्र पाच जण जवळजवळ तीच गाणी घेऊन त्याच जाहिरातदारांच्या दारात उभे. विन पुढे बंदच पडलं. सरकारने नेमलेल्या अमित मित्रा समितीने २००३ मध्ये उत्पन्नातल्या वाट्याची शिफारस केली, ती २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणात आली: एकदाच प्रवेश फी आणि मग ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के (किमान रकमेची अट होतीच). जुन्या स्टेशनांना यात यायची मुभा मिळाली, नाहीतर ही नोंद बहुतेक इथेच संपली असती.

दुसरा खर्च गाण्यांचा, आणि कायद्याच्या पुस्तकांत ही कंपनी येते ती यामुळेच. रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने पीपीएल ही संस्था रॉयल्टी मागायची, दर पटेना म्हणून म्युझिक ब्रॉडकास्ट कॉपीराइट बोर्डाकडे (असे वाद सोडवणारी सरकारी संस्था) गेली. २००२ मध्ये बोर्डाने 'नीडल अवर'वर, म्हणजे गाणं प्रत्यक्ष वाजतं तेवढ्याच तासांवर, सरासरी साधारण ६६० रुपये दर लावला. दिवसाला २० तास गाणी धरली तर वर्षाला ७३०० तास, म्हणजे ४८ लाखांच्या आसपास, आणि स्टेशनची कमाई किती याचा त्यात विचार नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात, तिथे इतर रेडिओ कंपन्यांच्या दाव्यांसोबत २००८ मध्ये निकाल लागला की वाजवी दरात गाणी मिळत नसतील तर सक्तीचा परवाना (मालक राजी नसला तरी बोर्डाने ठरवलेल्या दरात मिळणारा) मागता येतो, आणि दर बोर्डाने पुन्हा ठरवावा. २५ ऑगस्ट २०१० ला बोर्डाने तासांचा हिशोबच सोडला आणि निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ३० सप्टेंबर २०२० पर्यंत बांधून दिला. स्टेशनवाल्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा विजय, रेकॉर्ड कंपन्यांना अर्थातच तो मान्य नव्हता. गंमत म्हणजे ती मुदत संपल्यावर डिसेंबर २०२० च्या आदेशाने हिशोब परत नीडल अवरवरच आला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा वाटा वेगळा द्यायचा का हा वाद मागे राहिला होता, त्यात एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने द्यावाच लागेल असं सांगितलं, समोरच्या पक्षांत ही कंपनी होतीच.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. सकाळचा 'कसा काय मुंबई' नावापुरता तरी मराठी, गाणी बहुतेक हिंदी. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात (२०११) आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायला परवानगी मिळाली, आणि ट्रॅफिक, हवामान, परीक्षा असली माहिती बातमी धरायची नाही असं ठरलं, त्यामुळे निवेदकांच्या बडबडीत ट्रॅफिक एवढा का असतो ते कळतं.

सुरुवातीला परदेशी गुंतवणुकीवर कडक बंधनं होती म्हणून परवाना म्युझिक ब्रॉडकास्टकडे आणि कार्यक्रमांची बाजू स्टार या परदेशी मालकीच्या टीव्ही कंपनीकडे अशी व्यवस्था होती, ती नंतर संपली. २०१५ मध्ये कंपनी जागरण प्रकाशनकडे ('दैनिक जागरण'वाले) गेली, २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. दुसऱ्या टप्प्यात तिची पुणे, नागपूर, सोलापूर, सांगली, नगर, जळगाव, अकोला, नांदेड इथे स्टेशनं झाली, तिसऱ्यात नाशिक आणि कोल्हापूर.