पार्श्वभूमी: पेन्शनवर आलेला फौजी आणि त्याचं घर

सातारा जिल्ह्यात आज ज्या म्हाताऱ्या फौजींना निरोप दिला जातो, त्यांच्यातले कितीतरी १९६५ आणि १९७१ च्या लढायांतले. श्रद्धांजलीच्या फलकावर गणवेशातला फोटो असतो. घरच्यांना मात्र आठवतो तो उसाला पाणी द्यायला पहाटे उठणारा, पोरींच्या शिक्षणासाठी हट्ट धरणारा माणूस. जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो. पलटणीत पंधरा-सतरा वर्षं काढली, तर पुढची चाळीस घरात जातात. म्हणून त्याची आठवण काढायची तर पेन्शनचा इतिहास टाळून चालत नाही.

फौजेची परंपरा जुनी आहे. एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीपर्यंत लढल्या. खरा पेच १९७३ मध्ये झाला. तोवर जवानाला शेवटच्या पगाराच्या ७० टक्के पेन्शन होती, ती वेतन आयोगानंतर ५० टक्क्यांवर आली, असं माजी सैनिक आजवर सांगत आले आहेत. अठ्ठावन्नपर्यंत नोकरी करणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्याचं आणि ऐन उमेदीत घरी पाठवलेल्या जवानाचं माप एकच धरलं गेलं. हा अन्याय होता, आणि निर्णय १९७१ च्या विजयानंतर दोनच वर्षांत झाला, हे विसरता येत नाही.

पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १७ डिसेंबर १९८२ च्या निकालाने ठरलं. तरी जुना हवालदार आणि नवा हवालदार यांच्यातली तफावत प्रत्येक वेतन आयोगागणिक वाढत गेली. त्यातूनच ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी पुढे आली: हुद्दा तोच, सेवा तेवढीच, तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो, पेन्शन सारखी. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीत जंतरमंतरवर म्हातारे फौजी छातीवर पदकं लावून उपोषणाला बसले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली. पण वाद मिटला नाही. आदेशात २०१३ मध्ये निवृत्त झालेल्यांच्या किमान आणि कमाल पेन्शनची सरासरी धरली होती, आणि फेरआढावा दर पाच वर्षांनी. मागणी होती ती वाढ आपोआप मिळण्याची. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पाच वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय, ते सांगायला नको. १६ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने धोरण ग्राह्य धरलं, मात्र १ जुलै २०१९ पासून फेरआढावा घेऊन थकबाकी द्यायला सांगितलं.

थकबाकी हप्त्यांत द्यायची म्हणून पुन्हा सुनावण्या झाल्या. शेवटी २० मार्च २०२३ ला क्रम ठरला: कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवा आणि शौर्यपदकविजेते ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढचे ३० जूनपर्यंत, बाकीच्यांचे हप्ते २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. विधवांना आधी पैसे मिळाले हे योग्यच झालं, कारण साधी कुटुंब पेन्शन मूळ पगाराच्या ३० टक्केच असते. पुढची वाढ १ जुलै २०२४ पासून धरली आहे. पण फौजी गेल्यावर कुटुंब पेन्शन हाती येण्यासाठी पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर असावी लागते. मुलकी कागदांवर एक नाव आणि पलटणीच्या नोंदीत दुसरं, असं असलं की दुखवट्यातच त्या घराला सैनिक कल्याण कार्यालयाचे हेलपाटे सुरू होतात.