बेडूक, सरडे आणि सापसुरळ्यांसाठी बागेतील खुला अधिवास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंगणात जाळीचा मोठा पिंजरा करून त्यात बेडूक, सरडे आणि एखादे कासव एकत्र ठेवता येईल का, अशी विचारणा बडोद्यातील अनेक ग्राहक आमच्याकडे करतात. असा पिंजरा, म्हणजेच घराबाहेरचे बंदिस्त व्हिव्हेरियम, आम्ही बांधून देत नाही. आम्ही उघडे तळे, त्याच्या काठची ओलसर पट्टी, उन्हाचे दगड आणि पालापाचोळ्याचा कोपरा तयार करून देतो. त्यात प्राणी आणून सोडायचे नसतात. ते आपणहून येतात आणि वाटेल तेव्हा निघून जातात.

याचे एक कारण कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून स्टार कासव, आपल्या तलावांत आढळणारे मऊ पाठीचे कासव आणि घोरपड हे प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. ते पकडणे किंवा घरी बाळगणे हा ३ ते ७ वर्षे कैदेस पात्र असा गुन्हा आहे, आणि कासव घरात असले की बरकत येते या समजुतीने कोणी भेट दिले असले तरी त्याने फरक पडत नाही. सरडा किंवा बेडूक रानातून पकडून आणण्याचे कामही आमचे कारागीर करणार नाहीत. कृपया त्यांना तसा आग्रह करू नये.

दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. सरड्याला सकाळी ऊन खाऊन अंग तापवावे लागते, तर बेडकाच्या त्वचेतून सतत पाणी उडून जात असते आणि त्याला दिवसभर सावली व ओल हवी असते. पिंजऱ्याची हवा सरड्याला मानवेल अशी ठेवली तर बेडूक सुकतो, आणि बेडकाला मानवेल अशी ठेवली तर सरपटणाऱ्या प्राण्यांना त्वचेचे विकार जडतात. जाळीऐवजी काचेची पेटी केली, तर मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांवर गेला की तिच्यात कोणीच जगत नाही. शिवाय पावसाळ्यात पिवळाजर्द होणारा मोठा बेडूक तोंडात मावेल ते सारे गिळतो, मग तो लहान बेडूक असो वा सापसुरळीचे पिल्लू. भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, कानामागच्या फुगीर ग्रंथींतून पांढरट विषारी स्राव येतो, आणि बंद जागेत त्याच्याशी गाठ पडलेल्या प्राण्याला दूर जाण्याची सोय नसते. उघड्या बागेत यांतील प्रत्येक जण चार पावलांवर आपल्याला हवी ती जागा शोधतो. खाणारा आणि खाल्ला जाणारा तेथेही असतातच, पण निसटण्याची वाट असते.

तळ्याची जागा आणि बांधणी

तळ्याला सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची सावली मिळावी, म्हणून घराची किंवा कुंपणाच्या भिंतीची पूर्वेकडील बाजू आम्ही पसंत करतो. कडुनिंबाखाली तळे करण्याचा मोह टाळावा, कारण पानगळीत पाने कुजून पाण्यातील प्राणवायू कमी होतो. आकार अडीच मीटर लांब व दीड मीटर रुंद असला तरी पुरतो. खोली मध्यभागी ५० ते ६० सेंटिमीटर असावी, म्हणजे उन्हाळ्यात पाणी फार तापत नाही, आणि एका बाजूने ती उतरत उतरत काठाशी बोटभर व्हावी.

या उतारावर आम्ही तडजोड करीत नाही. उभ्या काठाच्या हौदात पडलेली सापसुरळी तर मरतेच, पण बाहेर पडायला जागा न मिळाल्यास पोहून थकलेला बेडूकही बुडतो. सकाळी हौदात तरंगणारा भेक अनेकांनी पाहिला असेल. आपल्याकडे आधीच सिमेंटचा हौद असेल तर त्यात खडबडीत दगडांचा कलता थर पाण्याच्या वरपर्यंत रचून घ्यावा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि त्यासाठी आम्हांला बोलावण्याचीही गरज नाही.

नवे तळे मात्र सिमेंटचे करू नये, असे आम्ही सुचवितो. बडोद्याच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचे पातळ सिमेंट काम थोड्याच वर्षांत तडकते. शिवाय ताज्या सिमेंटमुळे पाणी अल्कधर्मी होते आणि बेडूकमाशांना ते सोसत नाही. त्याऐवजी खड्ड्यात वाळूचा थर देऊन त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद आम्ही अंथरतो, त्याच्या कडा मातीत पुरतो आणि वर गोटे व माती पसरतो. काठाला वाळा आणि लव्हाळा लावावा, पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती सोडावी. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

उन्हाच्या बाजूला दोन-तीन रुंद, सपाट दगड आणि त्यांच्या पायथ्याशी हातभर खोल भुसभुशीत माती ठेवतो. सरड्याची मादी पावसाच्या सुमारास अशाच मातीत पुढच्या पायांनी खड्डा करून दहा-वीस अंडी घालते, माती पुन्हा लोटून डोक्याने दाबते आणि निघून जाते. पावसाळ्यात त्या पट्ट्यात खुरपे चालवू नये, एवढे माळीदादांना अवश्य सांगावे.

पाणी आणि डास

तळे शक्यतो पावसाच्या पाण्याने भरू द्यावे. नळाचे पाणी घालायचे असल्यास ते उघड्या पिंपात दोन दिवस ठेवून मग ओतावे, कारण त्यातील क्लोरीन बेडकाच्या त्वचेला आणि बेडूकमाशांच्या कल्ल्यांना बाधते. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर भेकाची अंडी काठच्या गवतात काळ्या मण्यांच्या दुहेरी माळांसारखी गुंडाळलेली दिसतील. ती घाण समजून काढून टाकू नयेत.

डासांबद्दलची शेजाऱ्यांची शंका रास्त असते, म्हणून तिचे उत्तर आधीच तयार असावे. चतुराच्या अळ्या आणि पाण्यातील भुंगेरे डासांच्या अळ्या खातात, पण नव्या तळ्यात ही मंडळी यायला एक पावसाळा जातो. तोपर्यंत बीटीआय या जिवाणूपासून केलेली अळीनाशक पूड प्रमाणात वापरावी. ती बेडूकमाशांना मारत नाही. डासांसाठी वाटले जाणारे गॅम्बुशिया मासे मात्र या तळ्यात सोडू नयेत, कारण ते बेडकांची अंडी व पिल्लेही फस्त करतात. दुकानातून आणलेले लाल कानाचे परदेशी कासवही नको. ते ताटाएवढे होते आणि वाटेत येईल ते खाते. नकोसे झाले म्हणून ते सुरसागर तलावात सोडणे तर त्याहून वाईट. तळ्याजवळ कीटकनाशक फवारू नये आणि फिनेलचे पाणी तिकडे वळवू नये.

साप, मगर, कुत्रे आणि मुले

बेडूक आले की त्यांच्यामागे दिवड आणि धामण येण्याची शक्यता असते, हे काम ठरविण्यापूर्वीच आम्ही स्पष्ट सांगतो. दोन्ही बिनविषारी आहेत, मात्र दिवड डिवचल्यास कडकडून चावते. नाग, घोणस आणि मण्यारही आपल्या भागात आहेत. म्हणून तळे दारापासून पाच-सहा मीटर दूर घेतो, मधल्या पट्टीवर फरशी घालतो आणि दगडांचे उंच ढीग रचत नाही. अशी काळजी घेतल्याने साप येणारच नाही असे नव्हे. पालापाचोळ्यात उघडा हात घालू नये, रात्री बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नये, आणि साप दिसल्यास स्वतः न पकडता वन विभागाला कळवावे. ज्यांना ही शक्यताच नको वाटते त्यांनी हे काम करून घेऊ नये.

विश्वामित्री नदीच्या काठालगतच्या घरांसाठी पक्की कुंपणभिंत असल्याशिवाय आम्ही तळे घेत नाही. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या, हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको.

कुत्र्याने भेक तोंडात धरल्यास त्याच्या तोंडाला फेस येतो. तोंड बाहेरच्या बाजूने पाणी वाहील असे धुवावे आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. घरात लहान मूल असल्यास पाण्याखाली बसणारी लोखंडी जाळी आम्ही बसवून देतो. मुलांनी बेडूक हाताळला असेल तर साबणाने हात धुवावेत.

काम कधी करावे

खोदकाम मार्च-एप्रिलमध्ये करून घेणे चांगले. काळी माती एकदा भिजली की कुदळ चालत नाही. साफसफाई वर्षातून एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत करावी आणि त्या वेळीही तळातला गाळ निम्माच काढावा, कारण चतुराच्या अळ्या त्यातच असतात. मे महिन्यात पाणी पार आटले तरी काळजीचे कारण नाही. काठची माती न उकरता पावसाची वाट पाहावी, कारण काही जातींचे बेडूक त्या वेळी मातीखालीच असतात.