कपाटाची किल्ली: विदर्भातल्या शाळा-वाचनालयांमधल्या गटप्रकल्पांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जाऊन ‘वाचनालय कुठं आहे?’ असं विचारा. बहुतेक ठिकाणी गुरुजी एका लोखंडी कपाटाकडे बोट दाखवतात. कपाट मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे असतं. वरच्या खणात हजेरीपटाचे जुने गठ्ठे, खालच्या खणात पोषण आहाराची भांडी मोजायची वही, आणि मधे पुस्तकं. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नसतं. त्यामुळे किल्ली मुख्याध्यापकांच्याच खिशात.

आता याच शाळांमधून वेगळं काहीतरी कानावर येतं. मुलांच्या गटांनी गावातल्या शब्दांचा कोश केला, तलावाची नोंदवही केली, आजीच्या गोष्टी लिहून त्यांची शिवलेली पुस्तकं केली. शनिवारी दप्तर घरी ठेवायचं आणि चौघा-पाचांनी मिळून एक विषय घ्यायचा. थोडं पुस्तकात शोधायचं, थोडं गावात विचारायचं, आणि सगळ्यांसमोर मांडायचं. हे नवं फॅड आहे, वरून आलेल्या परिपत्रकाचं पोर आहे, असं शिक्षकांच्या बैठकीत बोललं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण याची मुळं बरीच जुनी आहेत, आणि त्यातलं एक तर विदर्भाच्याच मातीतलं आहे.

सगळ्यात जुनं मूळ म्हणजे गरज. एक गुरुजी आणि सगळ्या वयांची पोरं हे पंतोजींच्या शाळेचंच रूप होतं. मोठ्यानं धाकट्याला धूळपाटीवर अक्षर गिरवून दाखवायचं, पंतोजींनी छडी घेऊन फिरायचं. मद्रासच्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानं मुलांनी मुलांना शिकवण्याची ही रीत उचलली आणि 1797 मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडात ‘मद्रास पद्धत’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. आपल्याकडे तिला कुणी नाव दिलं नाही, ती नुसती चालू राहिली. आजही शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे दोन किंवा अधिक इयत्ता. त्यातले एक निवडणुकीच्या, जनगणनेच्या किंवा तालुक्याच्या कामाला गेले की उरलेल्याकडे सगळी शाळा. अशा दिवशी चौथीतली पोरगी पहिलीच्या पोरांना ओसरीवर घेऊन बसते. तिला कुणी ‘सहाध्यायी अध्यापन’ हा शब्द सांगितलेला नसतो.

दुसरं मूळ वर्ध्याचं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रमाचा आराखडा केला, पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसनं त्याला मान्यता दिली आणि सेवाग्राममध्ये हिंदुस्थानी तालिमी संघाचं काम सुरू झालं. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं तिथली शाळा उभी केली. हातानं काम करत शिकायचं हे या शिक्षणविचाराचं, म्हणजे नई तालीमचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे. त्यातला ‘समवाय’ हा शब्द मात्र आता विसरला गेलाय. तकलीवर सूत काततानाच गणित शिकायचं, कापसाच्या बोंडातून भूगोल, सफाईतून विज्ञान. विषय वेगळे पाडायचे नाहीत, कामातून ते आपोआप एकमेकांना भेटतात. आणि काम एकट्याचं नसे. स्वयंपाक, भाजीचे वाफे, सफाई, हिशेब हे सगळं मुलांच्या टोळ्या वाटून घेत.

याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडचे रविशंकर शुक्ल ‘विद्यामंदिर’ योजना राबवू पाहत होते. गावानं जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी कल्पना. योजनेच्या नावावरून मोठा वाद पेटला आणि ती फार काळ टिकली नाही. पण गावच्या वावरावर गावची शाळा हा विचार इथं शिवून गेला हे खरं.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये ‘प्रकल्प पद्धती’ मांडली होती, त्याआधी ड्युई यांनी शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढली होती. बी.एड.च्या पुस्तकात हीच नावं आधी येतात आणि वर्धा नंतर, एका परिच्छेदात. यवतमाळच्या किंवा वर्ध्याच्या विद्यार्थ्यानं प्रकल्प पद्धतीचा उगम कोलंबिया विद्यापीठात पाठ करावा आणि सेवाग्राम सहलीला बघावं, याची मला गंमत वाटते.

पण नई तालीममध्ये एक जागा रिकामी होती, ती पुस्तकाची. पोथीनिष्ठ शिक्षणाला कंटाळूनच हा विचार आला, त्यामुळे पुस्तक मागच्या बाकावर गेलं. स्वातंत्र्यानंतर याच विचारावरच्या मूलोद्योग शाळा निघाल्या. सूतकताईचा तास वेळापत्रकात आला आणि तिथंच तो तास होऊन बसला. समवाय गेला, तकली राहिली. कोठारी आयोगानं 1964 ते 1966 मध्ये त्याचं ‘कार्यानुभव’ केलं, आणि आमच्या पिढीनं कार्यानुभव म्हणजे खडूचे डबे आणि कागदी फुलं एवढंच पाहिलं. (सेवाग्रामची शाळा मधली काही दशकं बंद होती. 2005 मध्ये ती ‘आनंद निकेतन’ म्हणून पुन्हा सुरू झाली.)

मग पुस्तकं कुठून आली? फिरत्या पेटीतून वाचनालय गावोगाव न्यायची कल्पना बडोद्याची. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. ‘पेटी वाचनालय’ हा शब्द आपल्या शाळांमध्ये अजून ऐकू येतो, तो याच परंपरेतला. विदर्भातल्या शाळांची सूत्रं 1 मे 1962 पासून नव्या जिल्हा परिषदांकडे आली. पुढे 14 नोव्हेंबर 1971 ला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक सुरू झालं. ज्या गुरुजींनी ते अंक कपाटात न ठेवता वर्गात ठेवले, त्यांच्या शाळेतली मुलं आज पन्नाशी-साठीची आहेत आणि अजून त्या अंकांबद्दल बोलतात. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच. त्या संचात पुस्तकंही होती. अनेक खेड्यांत कथेची पहिली पुस्तकं सरकारी मार्गानं तेव्हाच पोचली.

पोचली, आणि कुलपात गेली. इथं थोडं थांबायला हवं, कारण बाहेरचा माणूस याला शिक्षकाची अनास्था म्हणतो आणि पुढे जातो. पुस्तक शाळेत आलं की त्याची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद होते: नाव, नग, किंमत. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. नवे मुख्याध्यापक यादी घेऊन एकेक वस्तू मोजून घेतात, आणि कमी निघाली तर भरून कोण देणार हा प्रश्न येतो. फाटक्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ते नोंदीतून कमी करता येतं, पण त्यासाठीचे कागद तालुक्याला फिरवण्यापेक्षा पुस्तक न फाटलेलं बरं. मी एका शाळेचा चार्ज घेतला तेव्हा पुस्तकं मोजण्यात अख्खी दुपार गेली. दोन कमी निघाली. आधीच्या सरांनी ती खिशातून भरून दिली आणि जाता जाता म्हणाले, ‘सर, पोरायच्या हाती देऊ नका, निस्तरावं आपल्याले लागते.’ त्यांचा राग येण्याचं कारण नव्हतं. पुस्तक वाचलं गेलं का, हे त्या रजिस्टरमध्ये कुठंच विचारलेलं नाही. ते जाग्यावर आहे का, एवढंच विचारलंय.

त्याही काळात एक फट होती, हस्तलिखिताची. स्नेहसंमेलनाला किंवा 26 जानेवारीला शाळेचं हस्तलिखित निघायचं. कुणी कविता आणायचं, कुणी म्हणी गोळा करायचं, चांगलं अक्षर असलेल्या दोन मुली सगळं उतरवून काढायच्या, चित्रकला जमणारा मुखपृष्ठ करायचा. शाळेच्या वाचनालयातला पहिला गटप्रकल्प कोणता असं मला विचारलं, तर मी हेच सांगेन. पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन व्हायचं आणि मग तेही कपाटात जायचं.

कुलूप ढिलं पडायला सुरुवात झाली 2005 नंतर. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ज्ञानरचनावाद आणला: मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, आणि इतरांशी बोलत-भांडत रचतं. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत, असं लिहिलं गेलं. पण शिक्षकाच्या रोजच्या कामावर जास्त परिणाम केला तो महाराष्ट्राच्या 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं, म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनानं. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आला, उपक्रम आला, आणि शेवटच्या ‘इतर’मध्ये गटकार्य आणि सहाध्यायी मूल्यमापनही. गुण द्यायचे म्हणजे प्रकल्प करून घेणं आलंच.

सुरुवातीला त्याचं जे व्हायचं तेच झालं. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रकल्पाचे’ छापील चित्रतक्ते मिळू लागले. वडिलांनी आणायचा, आईनं चिकटवायचा, मुलानं नाव घालायचं. हे प्रकल्प आजही रद्दीत सापडतात, आणि त्यांचा प्रकल्पाशी संबंध फक्त नावापुरता आहे.

फरक पडला तो काही शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहिल्यावर. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळा बघायला विदर्भातूनही गाड्या भरून गुरुजी गेले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर तर अशा भेटींची लाटच आली. लाटेत केरकचराही खूप वाहून आला: रंगवलेल्या भिंती, फरशीवर आखलेले आकडे, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची घाई. पण एक साधी गोष्ट मागे राहिली. पुस्तकं दोरीवर लटकू लागली. खिडकीच्या गजाला सुतळी बांधायची आणि मधोमध उघडून पुस्तक टांगायचं. त्याच वर्षापासून 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन सुरू झाला. 2018 पासून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाचनालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आली. पण मला विचाराल तर खरा बदल दोरीनं केला. कपाटातलं पुस्तक मागावं लागतं, दोरीवरचं पुस्तक चौघं मिळून ओढतात. भांडण होतं, आणि गट तिथंच तयार होतो.

प्रकल्प इथं कसे घडतात हे दोन उदाहरणांवरून सांगतो. पाठ्यपुस्तकात ‘कोथिंबीर’ येते, घरी आई ‘सांबार’ म्हणते. पुस्तकात ‘शेंगदाणे’, घरी ‘फल्ली’. पुस्तकात ‘बैलगाडी’, दारात ‘बंडी’. तिसरीतलं पोरगं विचारतं, ‘मॅडम, आपलं चूक आहे का?’ या एका प्रश्नावर शब्दकोशाचा प्रकल्प उभा राहतो. एक गट स्वयंपाकघरातले शब्द आणतो, दुसरा वावरातले, तिसरा पोळ्याचे. चौथा गट कोश उघडून पाहतो की आपला शब्द छापलाय का. तो सापडला की वर्गात आरडाओरडा होतो. मेळघाटात, जिथं मुलांची घरची भाषा कोरकू आहे, किंवा गडचिरोलीच्या गोंडी-माडिया पट्ट्यात, हाच प्रकल्प जास्त गरजेचा ठरतो. तिथं मुलांच्या घरच्या भाषेतलं छापील पुस्तक वाचनालयात जवळपास नसतंच, ते आधी करावं लागतं. मुलं सांगतात, शिक्षक देवनागरीत उतरवतात, आणि चूक झाली तर मुलंच दुरुस्त करतात. एरवी शाळेत न बोलणारी मुलं या कामात गुरू होतात.

दुसरं उदाहरण पूर्वेकडच्या धानपट्ट्यातलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत, बोलीत ‘मामा तलाव’. मुख्यतः कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपल्यावर सरकारकडे आले आणि बरेचसे गाळानं भरत गेले. मुलांचा एक गट म्हाताऱ्यांना विचारतो की पाळ (तलावाचा बांध) कुणी बांधली. दुसरा माशांची गावठी नावं आणतो, तिसरा पक्षी पाहतो, चौथा वाचनालयातल्या पुस्तकांत त्या पक्ष्यांची छापील नावं शोधतो. प्रत्येक गटाकडे एकच तुकडा असतो, सगळे बोलल्याशिवाय तलाव पूर्ण होत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट आरॉन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये, गोरी आणि काळी मुलं नव्यानं एका वर्गात आल्यावर त्यांच्यातलं वैर कमी व्हावं म्हणून, नेमकी हीच युक्ती ‘जिगसॉ’ या नावानं वापरली होती. आपल्याकडे तिची वेगळी निकड आहे. गावातल्या टोल्यांची, म्हणजे वस्त्यांची, बसण्याची जागा वर्गात उमटते, आणि गट पाडताना गुरुजींनी डोळे उघडे ठेवले नाहीत तर मोहल्ल्यांचेच गट पडतात.

मोठ्यांचीही अशी शाळा विदर्भात होती, हे इथं नोंदवायला हवं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं अभ्यासगट चालवले. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या त्या मंडळात गावकरी कायदा वाचत, जंगलाचा हिशेब मांडत आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही वाचनाची बैठक होती.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कपाटाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला. मोबाइलला रेंज नाही, घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर वावरात. मग काही शिक्षकांनी पुस्तकं पिशवीत घालून ओट्यांवर, पारावर, समाजमंदिरात नेली. दहावी-बारावीची पोरं लहानांना घेऊन बसली. पंतोजींच्या काळातली रीत परत आली, या वेळी पुस्तकासकट.

आता अडचण पटाची आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विषय निघाला. विदर्भातल्या कितीतरी तांड्या-पोडांवरच्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या शाळा त्यात बसतात. मोठ्या शाळेत वाचनालयाला वेगळी खोली मिळेल, कदाचित संगणकही. पण आजीला विचारून संध्याकाळी यायचं आणि सकाळी वर्गात सांगायचं, हे बसनं ये-जा करणाऱ्या पोरांना कितपत जमेल हे पाहावं लागेल.

परवा एका शाळेत चार्ज देणं-घेणं चाललं होतं, मी सहज बसलो होतो. यादी संपली, कपाट बंद झालं. खिडकीच्या दोरीवर मुलांनी शिवलेली पुस्तकं तशीच होती: तलावाचं, सांबारचं, एका आजीच्या गोष्टींचं. नव्या मॅडमनी विचारलं, ‘हे कोणत्या पानावर आहे?’ जाणारे सर म्हणाले, ‘कुठंच नाही. किमतीचा रकाना भरायला काही नव्हतं.’