उताराचा प्लॉट आणि शेजाऱ्याचा पाया

सोलापुरात प्लॉट घेणाऱ्याची पहिली कुरकुर ठरलेली: पैसे मोजले तीस बाय पन्नासचे आणि मार्जिन, म्हणजे बांधकाम आणि हद्द यांमधली मोकळी पट्टी, सोडता सोडता निम्मी जागा फुकट गेली! सरकारी कागदात या पट्टीला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. ते किती सोडायचं हे प्लॉटचं क्षेत्र, समोरचा रस्ता आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. त्याची कोष्टकं डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. हवा आणि उजेड ही त्यामागची कारणं सगळ्यांना ठाऊक. प्लॉट उताराचा असला की मात्र या पट्टीचं मोठं काम जमिनीखाली चालतं.

घराचा भार पायाखाली सरळ रेषेत उतरत नाही. खळ्यातली ज्वारीची रास जशी खाली रुंदावते, तसा तो मातीत पसरतो. म्हणजे तुमचं घर पेलणारी थोडी माती तुमच्या भिंतीच्या बाहेर असते. पाया हद्दीला चिकटवलात तर ती शेजाऱ्याच्या मालकीची! खालच्या अंगाच्या शेजाऱ्याने उद्या खोल खणलं, की तीच निघून जाणार. म्हणूनच पायाविषयीचं भारतीय मानक ‘आयएस 1904’ सांगतं की शेजारशेजारच्या दोन पायांच्या पातळीत 1 मीटर फरक असेल, तर आडवं अंतर साधारण 2 मीटर हवं. पायाची खालची कड उताराच्या पृष्ठभागापासून मातीत निदान 90 सेंटिमीटर आत हवी, खडकात 60.

कायद्यालाही हा प्रश्न जुना आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार शेजारच्या जमिनीचा आधार मिळणं हा तुमच्या जमिनीचा हक्क आहे, पण जमीन नैसर्गिक स्थितीत असेल तोवर. वर घराचं वजन चढवलं की गोष्ट बदलते. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी खालच्याने नैसर्गिकपणे वाहू द्यावं, हेही त्यातच आहे. गच्चीचं पाणी पाइपने गोळा करून शेजाऱ्याच्या दारात सोडणं त्यात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता आपली माती. माळावर वरच्या अंगाला मुरूम लवकर लागतो. खालच्या अंगाला वर्षानुवर्षं वाहून आलेली काळी माती साठलेली असते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जावा. अशा प्लॉटवर घराचे वरचे कॉलम मुरमात आणि खालचे काळ्या मातीत राहिले, तर अर्धं घर स्थिर आणि अर्धं ऋतूप्रमाणे खालीवर होतं. वरचं खणून खालच्या बाजूला भर टाकून सपाट केलेल्या जागेचंही तेच, कारण भर कितीही दाबली तरी बसायची राहतेच. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन ‘मुरूम लागला’ म्हणणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये. वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना खड्डे घ्यावेत आणि सगळे पाये मुरमापर्यंत न्यावेत. खर्च वाढतो, खरं आहे.

राहिली हद्दीवरची संरक्षक भिंत. उंची दुप्पट झाली की तिच्यावरचा मातीचा रेटा चौपट होतो आणि तिला उलथवू पाहणारा जोर आठपट, म्हणून चार फुटांच्या भिंतीवर चार फूट आणखी चढवणं हा हिशेबच चुकीचा. त्याहून वाईट म्हणजे पाणी. 2 मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर दर मीटर लांबीवर साधारण सव्वा टन रेटा येतो. मागे पाणी तुंबलं की तो अडीच टनांच्या वर जातो. भिंतीत ठेवलेली निचऱ्याची भोकं आणि त्यांच्यामागची खडीची भर हे पाणी वाट करून बाहेर काढतात. दुष्काळी जिल्हा म्हणून लोक ती विसरतात. पण आपल्याकडे पाऊस कमी असला तरी सप्टेंबरात तो दोन दिवसांत झोडपून काढतो.

ही भोकं रंगकामाच्या वेळी, भिंतीवर ओघळ दिसतात म्हणून, सिमेंटने बुजवलेली मी पाहिली आहेत. पहिले दोन-तीन पावसाळे काही होत नाही. मग एखाद्या वर्षी भिंत पोट काढते.