कॉलेज सोडणारं पोरगं आधी ओळखता येतं का?

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की वर्गातले मागचे बाक जरा मोकळे दिसायला लागतात आणि सर म्हणतात, पोरांना शिकायचंच नाही. पण एखादा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लागलेला असतो, एखादीच्या गावची एसटी शेवटच्या तासाआधीच निघते, आणि हजेरीपटावर दोघंही नुसते गैरहजर.

यावरचा अभ्यास जुना आहे. 1975 मध्ये व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं की पोरगं अभ्यासात आणि कॉलेजातल्या माणसांत किती मिसळलं यावर त्याचं टिकणं ठरतं, आणि ही कल्पना त्याने चक्क फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या आत्महत्येच्या सिद्धांतावरून (समाजात न मिसळलेला माणूस आत्महत्येकडे वळतो) घेतली. पण ती होस्टेलवाल्यांना जास्त लागू पडते. 1985 मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचं बघितलं तर तिथं नोकरी, घर, पैसा हेच भारी. म्हणजे आपलंच की!

आता भाकीत. मार्क, हजेरी, थकलेली फी कॉम्प्युटरला दिली की तो प्रत्येकाची सोडून जायची शक्यता काढतो. इथं एक गंमत आहे, समजा शंभरातले 15 जण सोडतात, तर "कोणीच सोडणार नाही" म्हणणारं बिनडोक मॉडेलसुद्धा 85 टक्के बरोबर! त्यामुळे ॲक्युरसी सांगणाऱ्याला आधी विचारायचं, त्या 15 मधले किती सापडले?

दुसरा फसवा प्रकार पर्ड्यू विद्यापीठात झाला. तिथं 'कोर्स सिग्नल्स' सिस्टीम मुलांना लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवायची, आणि असे दोन किंवा जास्त कोर्स केलेली मुलं जास्त टिकली म्हणून मोठा गवगवा झाला. 2013 मध्ये काहींनी शंका काढली की अरे, जे पोरगं पहिल्याच सेमिस्टरला सोडून गेलं त्याला दुसरा कोर्स मिळणार कधी? दिव्यामुळे टिकली की टिकली म्हणून दिवे मिळाले? कोर्सागणिक शेंगाचटणीची पुडी वाटली असती तरी असाच निकाल आला असता.

म्हणून मला सर्व्हायव्हल ॲनालिसिस आवडतं, मूळचं ते माणसं किती काळ जगतात हे मोजायचं तंत्र. दर सेमिस्टरला एकच प्रश्न, आत्तापर्यंत टिकलेल्यांपैकी या वेळी किती गळले? अजून शिकणाऱ्यांचाही तेवढा काळ हिशोबात येतो. एटीकेटी लागल्यावर गळतात की फी भरायच्या वेळी, हे त्यात दिसतं, आणि दोन्हीचा उपाय वेगळा आहे.