रामेनया

रामेनया म्हणजे मुख्यतः रामेन, म्हणजे गरम सूपमधल्या गव्हाच्या नूडल्स, विकणारे जपानमधले छोटे उपाहारगृह. पुष्कळ ठिकाणी चुलीसमोर एक लांब फळी आणि तिच्याकडेने आठ-दहा खुर्च्या, एवढाच पसारा असतो. इथे गप्पा रंगवत बसत नाहीत. गर्दीच्या वेळी तर खाणे संपले की लगेच उठायचे असते. ही घाई दुकानदाराच्या गल्ल्यासाठी असतेच, पण त्याहून अधिक ती वाडग्यातल्या पदार्थासाठी असते. शिजलेल्या नूडल्स गरम सूपमध्ये पडल्या की सूप शोषत राहतात आणि काही मिनिटांत लिबलिबीत होतात. रामेनयातले बरेचसे रिवाज यातूनच समजतात.

दाराशीच बहुधा तिकिटाचे यंत्र असते. पैसे टाकून हव्या त्या रामेनचे बटण दाबायचे आणि बाहेर आलेली चिठ्ठी फळीवर ठेवायची. पैसे आधीच दिलेले असल्याने नंतर बिलासाठी खोळंबा नाही. टिप देण्याची प्रथा नाही. पाणी बहुतेक ठिकाणी आपले आपण ओतून घ्यायचे.

फळीवरून आचाऱ्याचे काम जवळून पाहता येते आणि ते पाहण्यासारखेच असते. वाडग्याच्या तळाशी तो आधी 'तारे' घालतो. हा सोया सॉस, मीठ किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांपासून केलेला खारट अर्क. वाडग्याची मुख्य चव त्याची. त्यावर सुवासिक तेल आणि तासन्‌तास उकळलेले सूप. मग नूडल्सची जाळी पाण्यातून उचलून जोरात झटकतो, कारण राहिलेले पाणी सूप पातळ करते. शेवटी डुकराच्या मांसाचे काप, आंबवलेले बांबूचे कोंब, कांद्याची पात आणि अर्धे कापलेले अंडे.

वाडगा समोर आला की थांबायचे नाही. आपल्याकडे कढीचे भुरके मारतात तसे इथे नूडल्स आवाज करत ओढून खातात. त्याने घास निवतो आणि वासही नाकापर्यंत पोचतो. तळाचे सूप सगळे संपवलेच पाहिजे असे नाही. उठताना आचाऱ्याला 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणतात.

फुकुओकाच्या हाकाता भागातल्या नूडल्स फार बारीक असल्याने आणखी लवकर मऊ पडतात. म्हणून तिथे नूडल्स किती कडक हव्यात ते विचारतात आणि वाडग्यात त्या बेतानेच घालतात. सूप शिल्लक ठेवून 'काएदामा' म्हटले की नूडल्सचा दुसरा वाढा त्याच वाडग्यात येतो. हाकाताचे पांढुरके सूप डुकराच्या हाडांचे असते. साप्पोरोमध्ये मिसोचे रामेन १९५० च्या दशकात रुळले, तर किताकाता गावात लोक सकाळीच रामेन खातात.

या खाण्याचे मूळ चिनी आहे. १९१० मध्ये ओझाकी कानइची यांनी टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' सुरू केले आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणले. नूडल्सच्या पिठात क्षारयुक्त पाणी घालण्याची रीतही चिनीच. पिवळट रंग आणि चिवटपणा त्यानेच येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर भाताची टंचाई असताना अमेरिकेतून गहू आला आणि हातगाड्यांवरचे रामेन कष्टकऱ्यांचे पोटभर अन्न झाले. स्वस्त खाणे ही ओळख अजून इतकी पक्की आहे की वाडग्याची किंमत १,००० येनच्या वर नेताना दुकानदार कचरतात. या अपेक्षेचा भार छोट्या दुकानांवर फार पडतो.

शाकाहारी मराठी प्रवाशाने मात्र नावावर विसंबू नये. मिसो सोयाबीनचा असला तरी त्याखालचे सूप सहसा डुक्कर किंवा कोंबडीच्या हाडांचे असते आणि तारेमध्येही सुक्या माशांचा अर्क असू शकतो. वरचे मांस काढायला सांगून भागत नाही. पूर्ण वनस्पतिजन्य रामेन देणारी दुकाने वेगळी असतात; टोकियो स्थानकाच्या आतले 'टीज तानतान' त्यांपैकी एक.